ॲडमिरल यामामोतो : देशाची संस्कृती आणि युद्धाची योजना



युद्धाचा अभ्यास करताना आपण तोफा, जहाजं, विमानं मोजत बसतो. ते मोजायलाच हवं. पण तीच जहाजं आणि तीच विमानं दोन वेगळ्या देशांच्या हाती दिली, तर दोन्ही देश ती सारखीच वापरतील का? नाही वापरणार. कोणता शत्रू आधी मारायचा, किती काळ लढायचं, कशाला विजय म्हणायचं, कोणतं काम शौर्याचं आणि कोणतं हलकं, या सगळ्याची उत्तरं प्रत्येक देश आपापल्या सवयीने देतो. अभ्यासक याला सामरिक संस्कृती म्हणतात. 1977 साली जॅक स्नायडर या अमेरिकन अभ्यासकाने सोव्हिएत रशियाच्या अण्वस्त्र धोरणाबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला.

ही कल्पना नुसती व्याख्या पाठ करून कळत नाही. म्हणून आज एका माणसाचं चरित्र पाहू. जपानचे ॲडमिरल इसोरोकु यामामोतो. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची योजना त्यांची, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण अमेरिकेशी युद्ध करू नये असं सांगणाऱ्या मोजक्या जपानी अधिकाऱ्यांत ते होते, आणि शत्रूला इतकं ओळखणाऱ्या माणसाची योजनाही शेवटी जपानी साच्यातूनच बाहेर पडली. त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट ही आहे.

4 एप्रिल 1884 रोजी नागाओका या गावी त्यांचा जन्म झाला. आजच्या नीगाता प्रांतातलं हे गाव, हिवाळ्यात भरपूर बर्फ पडणारं. वडील ताकानो घराण्यातले जुने सामुराई. मुलगा झाला तेव्हा त्यांचं वय 56 होतं, म्हणून मुलाचं नावच ‘इसोरोकु’ ठेवलं. जपानी लिपीत ते 5, 10, 6 असं लिहितात, म्हणजे छप्पन्न!

नागाओका हे हरलेल्यांचं गाव होतं. 1868 साली जपानमध्ये सम्राटाच्या बाजूचे आणि जुन्या शोगुनच्या बाजूचे यांच्यात यादवी झाली. नागाओकाचा कारभारी कावाई त्सुगुनोसुके याने आधी तटस्थ राहायचा प्रयत्न केला. बोलणी फिसकटली, तेव्हा तो पूर्ण ताकदीने लढला आणि त्यातच मेला. गाव बेचिराख झालं. यामामोतो यांना या कावाईबद्दल जन्मभर आदर होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच गावची आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. युद्धानंतर लोक उपाशी होते, तेव्हा शेजारच्या नात्यातल्या संस्थानाने तांदळाची 100 पोती मदत पाठवली. कोबायाशी तोरासाबुरो या कारभाऱ्याने ती वाटून न टाकता विकली आणि तो पैसा शाळेसाठी लावला. लोक चिडले, पण तो बधला नाही. जपानमध्ये ‘शंभर पोती तांदूळ’ ही गोष्ट आजही सांगतात. यामामोतो यांचे वडीलही युद्धानंतर शाळेतच शिकवू लागले.

आता 1905 कडे येऊ, कारण सगळ्या कथेची किल्ली तिथे आहे. रशिया आणि जपान यांचं युद्ध चालू होतं. रशियाने आपलं बाल्टिक समुद्रातलं आरमार अर्ध्या जगाला वळसा घालून पाठवलं. सात महिन्यांहून जास्त प्रवास करून थकलेली ती जहाजं 27 मे रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत पोहोचली. तिथे ॲडमिरल तोगो वाट पाहत होते. दोन दिवसांत रशियन आरमार संपलं. 38 जहाजांपैकी व्लादिवोस्तोकला पोहोचली ती फक्त तीन. जपानने गमावल्या तीन लहान टॉर्पेडो बोटी. पुढे सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने तह झाला.

एकवीस वर्षांचे इसोरोकु त्या दिवशी ‘निश्शिन’ नावाच्या क्रूझरवर होते. नौदल अकादमीतून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. जहाजावर स्फोट झाला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली.

त्सुशिमाने जपानी नौदलाला काय शिकवलं? मोठ्या शत्रूला एकाच निर्णायक लढाईत हरवता येतं. त्याला लांबून येऊ द्यायचं, वाटेत रात्रीचे हल्ले करून झिजवायचं आणि आपल्या दारात आला की सगळी ताकद एकदम लावून मोडायचं. मग तो तहाला येतो. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं जपानच्या नौदल अकादम्यांत हाच पाठ घोटला गेला. 1907 साली जपानने संरक्षण धोरण ठरवलं, त्यात नौदलाने संभाव्य शत्रू म्हणून अमेरिका धरली आणि लष्कराने रशिया. एकाच देशाच्या दोन सेनांचे दोन वेगळे शत्रू! आणि दोघींचा हिशोब एकत्र बसवणारा कोणी नव्हता, कारण राज्यघटनेनुसार सेना पंतप्रधानाला नाही, थेट सम्राटाला जबाबदार होत्या.

इथे थोडं थांबू. संस्कृती म्हटलं की आपण लगेच सामुराई, तलवार, हाराकिरी असं चित्र काढतो. मला ते अर्धवट वाटतं. सामुराई हे जपानच्या लोकसंख्येत अगदी थोडे होते. त्यांचे विशेष हक्क 1870 च्या दशकात संपले आणि 1873 पासून शेतकऱ्यांची मुलंही सक्तीने सैन्यात येऊ लागली. सामुराईचा धर्म सगळ्या देशाला शिकवला गेला तो त्यानंतर, शाळा आणि बराकींमधून. शिवाय 1904-05 च्या युद्धात पकडलेल्या रशियन कैद्यांना जपानने इतकं चांगलं वागवलं की जगाने कौतुक केलं. मग 1941 साली त्याच देशाच्या लष्कराने शिपायांना जिवंत पकडलं जाणं हीच लाज आहे असं लेखी नियमातून सांगितलं. छत्तीस वर्षांत रक्त बदलत नाही. शिकवण बदलते. आणि निर्णायक लढाईचा विचारही अस्सल जपानी नव्हता, त्याला मोठा आधार मिळाला तो आल्फ्रेड महान या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या लेखनाचा. परक्याचा विचार आपल्या अनुभवाशी जुळला, म्हणून तो इतका खोल रुजला.

पुन्हा चरित्राकडे वळू. 1916 साली इसोरोकु यामामोतो घराण्यात दत्तक गेले. नागाओकातलं हे मानाचं घराणं, पण त्याचा कर्ता पुरुष 1868 च्या यादवीत मारला गेला होता आणि नाव चालवायला कोणी नव्हतं. आपल्याकडे घराणं बुडू नये म्हणून दत्तक घेतात, तसंच हे. हरलेल्या बाजूचं नाव पुढे चालवायची जबाबदारी त्यांनी घेतली.

1919 ते 1921 ते अमेरिकेत हार्वर्डला होते. वर्गात बसण्यापेक्षा देश पाहण्यात त्यांना जास्त रस. मोटारीचे कारखाने पाहिले, तेलाच्या विहिरींची माहिती गोळा केली. 1926 पासून दोन वर्षं ते वॉशिंग्टनच्या दूतावासात नौदल प्रतिनिधी होते. पोकर आणि ब्रिज अट्टल खेळायचे. पण पत्त्यांपेक्षा महत्त्वाचं काय, तर त्यांनी अमेरिकेची उत्पादनशक्ती डोळ्यांनी पाहिली होती. टोकियोत बसून अमेरिकन लोक ऐषारामी आणि भित्रे आहेत असं म्हणणारे पुष्कळ होते. यामामोतो त्यांच्यातले नव्हते.

1924 मध्ये ते कासुमिगाउरा इथल्या नौदल विमान प्रशिक्षण केंद्रात गेले आणि वयाच्या चाळिशीत विमानविद्या शिकले. नंतर ‘अकागी’ या विमानवाहू नौकेचे कप्तान झाले. 1935 च्या अखेरीस नौदलाच्या विमान विभागाचे प्रमुख. याच सुमारास नौदलाने ‘यामातो’ ही जगातली सर्वांत प्रचंड युद्धनौका बांधायचं ठरवलं. 46 सेंटिमीटर तोंडाच्या तोफा, पूर्ण भारासह 70 हजार टनांच्या पुढे वजन. यामामोतो यांनी विरोध केला. एवढ्या पैशात विमानं घ्या, पुढचं युद्ध आकाशातून होणार, हे त्यांचं म्हणणं. कोणी ऐकलं नाही. का ऐकावं? अमेरिकेशी 1922 साली वॉशिंग्टनला झालेल्या करारात जपानला मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण 5 ला 3 असं मिळालं होतं. संख्येने कमी असलो तरी एकेक जहाज असं बांधू की शत्रूच्या टप्प्याबाहेरून मारता येईल, असा नौदलाचा हिशोब होता. त्सुशिमाची लढाई पुन्हा होणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

डिसेंबर 1936 मध्ये ते नौदल खात्याचे उपमंत्री झाले. जर्मनी आणि इटलीशी लष्करी करार करायला त्यांनी, मंत्री योनाई आणि अधिकारी इनोउए यांनी मिळून कसून विरोध केला. कारण साधं होतं. हा करार झाला की अमेरिकेशी युद्ध, आणि त्या युद्धाला लागणारं सुमारे 80 टक्के तेल तर जपान अमेरिकेकडूनच घेत होता! कट्टर राष्ट्रवाद्यांनी त्यांना ठार मारायच्या धमक्या दिल्या. ऑगस्ट 1939 मध्ये योनाई यांनी त्यांना संयुक्त आरमाराचे सरसेनापती करून समुद्रावर पाठवलं. त्यात त्यांचा जीव वाचवण्याचाही हेतू होता. पुढच्याच वर्षी, 27 सप्टेंबर 1940 रोजी करार झालाच.

पंतप्रधान कोनोए यांनी विचारलं तेव्हा यामामोतो यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिले सहा महिने ते वर्षभर आपण मुसंडी मारू, पण युद्ध दोन-तीन वर्षं लांबलं तर खात्री देता येणार नाही. आता प्रश्न असा, की ज्याला हे कळत होतं त्याने राजीनामा का दिला नाही? इथे मला नागाओकाचा कावाई आठवतो. आधी युद्ध टाळण्यासाठी झटायचं, निर्णय विरुद्ध गेला की बाजू सोडायची नाही, सगळ्यांत जोरात आपणच लढायचं. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीतला नायक असाच वागला होता. हा माझा अंदाज आहे, पण त्यांचं पुढचं वागणं याच्याशी जुळतं.

1941 च्या उन्हाळ्यात जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये शिरलं आणि अमेरिकेने तेल बंद केलं. साठा संपण्याआधी दक्षिणेकडची तेलक्षेत्रं घ्यायची, असं टोकियोत ठरू लागलं. यामामोतो यांची योजना होती की सुरुवातीलाच हवाईतल्या पर्ल हार्बरवर विमानवाहू नौकांनी घाला घालायचा. नौदलाच्या मुख्यालयाला हा जुगार वाटला. शत्रूला आपल्या दारात येऊ द्यायचं हीच तर चाळीस वर्षांची शिकवण! शेवटी ऑक्टोबरमध्ये यामामोतो यांच्या वतीने राजीनाम्याची धमकी गेली आणि मुख्यालय नमलं. योजना बरी की वाईट यावर खडाजंगी होऊन निकाल लागला असं झालं नाही. सगळ्यांचं मन राखत, आतल्या आत सहमती जमवत निर्णय घ्यायची जपानी पद्धत आहे. त्यात धमकीपुढे कोणाला उघड नाही म्हणता आलं नाही.

वरवर पाहिलं तर ही योजना जुन्या शिकवणीला छेद देणारी. युद्धनौकांऐवजी विमानं, दारात थांबण्याऐवजी साडेपाच-सहा हजार किलोमीटर दूर जाऊन वार. पण आतला विचार बघा. सुरुवातीलाच एवढा जबरदस्त तडाखा द्यायचा की अमेरिकन नौदल आणि जनता दोघांचंही मनोधैर्य खचावं, हे यामामोतो यांनी स्वतः जानेवारी 1941 च्या पत्रात नौदलमंत्र्यांना कळवलं होतं. म्हणजे साधनं नवी, पण अपेक्षा त्सुशिमाचीच. एक मोठा पराभव आणि मग तह. रशियाने 1905 साली तह केला तो घरात क्रांतीची आग लागली होती म्हणूनही, हे त्या पाठात मागे पडलं होतं.

7 डिसेंबर 1941, रविवार सकाळ. सहा विमानवाहू नौकांवरून दोन लाटांत सुमारे 350 विमानं आली. आठही युद्धनौकांना मार बसला, चार बुडाल्या, सुमारे 2400 अमेरिकन मेले. पण अमेरिकेच्या विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या. तेलाच्या टाक्या आणि दुरुस्तीच्या गोद्या शाबूत राहिल्या. हल्ल्याचं नेतृत्व करणारे नागुमो आणखी हल्ला न करता परतले. त्यांना दोष देतात, पण यादीत युद्धनौका आणि विमानवाहू नौका पहिल्या होत्या, टाक्या नाहीत. रसद हे लक्ष्य मानायची सवयच नव्हती. युद्धाची सूचना देणारं जपानचं पत्रही हल्ल्यानंतर पोहोचलं. अमेरिकन जनता खचण्याऐवजी पेटून उठली. मार खाल्लेल्या आठपैकी सहा युद्धनौका दुरुस्त होऊन पुन्हा लढल्या.

(जाता जाता : यामामोतो यांच्या नावावर झोपलेल्या राक्षसाबद्दलचं एक वाक्य सगळीकडे फिरतं. 1970 च्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ या चित्रपटात ते आहे. त्यांनी तसं म्हटल्याचा किंवा लिहिल्याचा पुरावा नाही. निबंधात वापरू नका.)

पुढचे काही महिने जपानची सरशी होती. एप्रिल 1942 मध्ये जपानी आरमार हिंदी महासागरातही आलं. कोलंबो, त्रिंकोमाली इथे हल्ले झाले, विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. त्याच महिन्यात 18 तारखेला अमेरिकन विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले. नुकसान थोडं, पण सम्राटाच्या राजधानीवर हल्ला ही नौदलाला नामुष्की वाटली. मिडवे बेटावर चाल करून अमेरिकेच्या उरलेल्या विमानवाहू नौकांना बाहेर ओढायचं आणि संपवायचं, ही यामामोतो यांची योजना आधीच पुढे रेटली गेली होती. पुन्हा राजीनाम्याची धमकी, पुन्हा होकार. टोकियोवरच्या हल्ल्याने उरलासुरला विरोधही संपला.

मिडवेची योजना हा या विषयाचा सगळ्यांत चांगला धडा आहे. जहाजं शेकडो मैलांवर पसरलेल्या निरनिराळ्या गटांत विभागली होती. काही तर पार उत्तरेला अल्यूशियन बेटांकडे. आपली पूर्ण ताकद दिसली तर घाबरलेली अमेरिका लढायला येणारच नाही, म्हणून ती लपवायची, असा विचार! शत्रूचं मन आपल्याला हवं तसं गृहीत धरलं होतं. स्वतः यामामोतो होते ‘यामातो’वर, ज्या जहाजाला त्यांनी विरोध केला होता त्याच जहाजावर, विमानवाहू नौकांच्या शेकडो मैल मागे.

मे महिन्याच्या सुरुवातीला याच ‘यामातो’वर नकाशा आणि फासे घेऊन या मोहिमेचा सराव झाला. तिथे हजर असलेल्या अधिकाऱ्याने नंतर लिहून ठेवलं आहे की फाशांनुसार जपानी नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचं निघालं, तेव्हा प्रमुख पंच ॲडमिरल उगाकी यांनी ते तीनच धरा असं सांगितलं. बुडालेली ‘कागा’ही पुढच्या खेळात पुन्हा तरंगू लागली! पंचाने वरून निकाल फिरवला आणि खोलीतल्या कोणी हात वर केला नाही. सराव कशासाठी असतो? आपली चूक आधी दिसावी म्हणून. पण वरिष्ठांची योजना चुकते असं सर्वांसमोर दाखवणं जिथे असभ्य ठरतं, तिथे सराव नुसता समारंभ होतो. यामामोतो तिथेच होते.

4 जूनला काय घडलं ते जगजाहीर आहे. अमेरिकेने जपानी संकेतलिपी बऱ्याच अंशी फोडली होती, त्यांना जागा आणि वेळ माहीत होती. अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू, चारही विमानवाहू नौका गेल्या. सुमारे 3000 जपानी माणसं मेली. पराभव जनतेपासून लपवला गेला, जखमी खलाशांना इस्पितळात इतरांपासून वेगळं ठेवलं. मग शिकणार कोण?

नुकसान फक्त जहाजांचं नव्हतं. जपानी नौदल अतिशय निवडक वैमानिक घ्यायचं आणि त्यांना वर्षानुवर्षं घडवायचं. मोजके पण अजोड, हा त्यांचा अभिमान. अमेरिका उलट करायची. चांगल्या वैमानिकाला काही काळाने घरी बोलावून नव्या पोरांना शिकवायला लावायची. जपानचे उस्ताद मरेपर्यंत आघाडीवरच राहिले. ऑगस्ट 1942 पासून फेब्रुवारी 1943 पर्यंत ग्वादलकनाल बेटासाठी झालेल्या झुंजीत त्यातले कितीतरी संपले.

तसंच पाणबुड्यांचं. जपानच्या पाणबुड्या उत्तम, टॉर्पेडो जगात पहिल्या दर्जाचे. पण त्या शत्रूच्या युद्धनौकांमागे लावल्या, मालवाहू जहाजं हे दुय्यम सावज. स्वतःच्या मालवाहू जहाजांना संरक्षण देणं हेही कमी मानाचं काम. बेटांवरचा, तेल-धान्य बाहेरून आणणारा देश, आणि जहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय निघालं ते नोव्हेंबर 1943 मध्ये! तोवर अमेरिकन पाणबुड्यांनी समुद्र पोखरला होता. युद्धात बुडालेल्या जपानी मालवाहू जहाजांच्या टनभारापैकी निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवला.

ते मुख्यालय पाहायला यामामोतो नव्हते. 18 एप्रिल 1943 रोजी ते आघाडीवरच्या जवानांना भेटायला रबाउलहून निघाले. दौऱ्याची वेळ बिनतारी संदेशाने कळवली होती, तो संदेश अमेरिकेने वाचला. बोगनविल बेटावर अमेरिकेच्या 16 विमानांनी त्यांना गाठलं. ते बसले होते ते दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान फार लांब जायचं, कारण वजन वाचवण्यासाठी त्याच्या इंधनटाक्यांना संरक्षण नव्हतं. गोळी लागली की पेट घ्यायचं. किनाऱ्यावरून उडून दूर समुद्रात मारा करणारी अशी लांब पल्ल्याची विमानं नौदलाने घ्यावीत, यासाठी विमान विभागात असताना स्वतः यामामोतो यांनीच जोर लावला होता. पल्ला आणि हल्ला आधी, माणसाचा बचाव नंतर. विमान जंगलात कोसळलं. मागच्या विमानातले उगाकी वाचले.

जनतेला बातमी महिन्याभराने सांगितली. 5 जून 1943 रोजी टोकियोत सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. 1934 साली ॲडमिरल तोगो यांचा अंत्यविधीही 5 जूनलाच झाला होता. अस्थींचा एक भाग टोकियोत आणि एक नागाओकाला ठेवला.

त्सुशिमाच्या लढाईआधी तोगो यांनी आपल्या जहाजावर ‘झेड’ झेंडा चढवून आरमाराला एक संदेश दिला होता, की साम्राज्याचं भवितव्य या एकाच लढाईवर आहे. पर्ल हार्बरच्या आधी यामामोतो यांनी त्याच आशयाचा संदेश पाठवला. त्यांच्यानंतर कोगा सरसेनापती झाले, त्यांच्यानंतर तोयोदा. जून 1944 मध्ये अमेरिकन आरमार मारियाना बेटांवर आलं, तेव्हा तोयोदा यांनी आरमाराला पुन्हा तोगोंचाच तो संदेश धाडला. त्या लढाईत जपानच्या आणखी तीन विमानवाहू नौका आणि शेकडो विमानं गेली.